पाचांचा हुकूम

मंडळी, आयोजकांचं पत्र आलं तेव्हा त्यात विषय लिहिला होता, 'शीख: एक लढवय्यी जमात'. मी त्यांना विनंती केली की शीख राहू द्या, फौज राहू द्या, 'लढवय्यी जमात' तेवढं गाळा. हा शिक्का इंग्रजांच्या भरतीखात्याचा आहे. शौर्य अमक्या जातीच्या रक्तात असतं आणि तमक्या जातीच्या नसतं, असं त्या खात्यानं ठरवलं आणि आपण ते अजून कौतुकानं बोलतो. मला आज एकाच प्रश्नाच्या मागं जायचं आहे. शीख शिपायानं हुकूम कुणाचा मानायचा? तीनशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं. त्यांच्या फौजेचा इतिहास मला त्या बदलांतच दिसतो. तलवारी, घोडे, तोफा ओघानं येतीलच.

सुरुवातीचा भाग भराभर उरकतो, नांदेडकरांना तो पाठ आहे. १६०६ मध्ये गुरू अर्जुनदेवांना लाहोरात हाल करून मारलं गेलं. त्यांचे चिरंजीव गुरू हरगोविंद यांनी कमरेला दोन तलवारी बांधल्या, एक मीरीची आणि एक पीरीची, म्हणजे एक राजसत्तेची आणि एक धर्माची. पदरी घोडेस्वार ठेवले. पुढं १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा, म्हणजे अमृताची दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा केला. ती दीक्षा घ्यायला पुढं आलेले पहिले पाच, म्हणजे पाच प्यारे, कोण होते पाहा. लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, द्वारकेचा कापड छापणारा छिंपी, जगन्नाथपुरीचा पाणक्या आणि आपल्या शेजारच्या बीदरचा न्हावी. गुरूंनी या पाचांना अमृत दिलं आणि मग त्यांच्यापुढं हात जोडून स्वतः त्यांच्याकडून अमृत घेतलं. गुरूच शिष्यांचा शिष्य झाला, असं कीर्तनात सांगतात. मला त्यातला फौजी अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो कळायला पुढची पाच वर्षं थांबावं लागतं.

१७०४ चा हिवाळा. आनंदपूर सोडावं लागलं, पाठीवर मोगलांची आणि डोंगरी राजांची फौज. चमकौर गावात एक कच्ची गढी होती, तिच्यात गुरू आणि चाळीसेक शीख शिरले. पाच-पाचच्या टोळ्यांनी बाहेर पडायचं, लढायचं, मरायचं, असा दिवस गेला. गुरूंचे दोन मुलगे, अजितसिंग आणि जुझारसिंग, त्याच दिवशी कामी आले. रात्री गढीत मूठभर माणसं उरली. दुसऱ्या दिवशी आपण बाहेर पडायचं, असा गुरूंचा विचार होता. तेव्हा उरलेल्यांपैकी पाच जण एकत्र बसले आणि त्यांनी गुरूंना हुकूम केला: तुम्ही आज रात्रीच निघून जायचं. विनंती नव्हती, हुकूम होता. अमृत पाचांकडून घेतलंय, तर पाचांचं ऐकलं पाहिजे. परंपरा सांगते की गुरूंनी तो हुकूम मानला आणि अंधारात निघून गेले. सरसेनापतीला त्याच्याच पाच शिपायांनी हलवलं, अशी दुसरी गोष्ट मला कुठल्या फौजेच्या इतिहासात सापडलेली नाही. असेल तर सांगा, मला आवडेल.

त्यानंतर गुरूंनी औरंगजेबाला फारसीत पत्र लिहिलं, ते जफरनामा. ते घेऊन भाई दयासिंग पंजाबातून थेट अहमदनगरला आले, बादशहाचा तळ तेव्हा तिथं होता. सगळे उपाय थकले की तलवारीला हात घालणं रास्त, हे त्यातलं वाक्य पुढं सगळ्या शीख पलटणींनी उराशी धरलं. १७०८ मध्ये गुरू इथं गोदाकाठी आले, बंदा बैरागी त्यांना इथंच भेटला. त्याला पंजाबात पाठवताना पाच बाण दिले, आणि सल्ल्याला पाच शीखही दिले. दोन वर्षांच्या आत, १७१० मध्ये, बंदानं मोगलांचं सरहिंद घेतलं. १७१६ मध्ये दिल्लीत त्याचे हालहाल करून त्याला मारलं.

मग पन्नासएक वर्षं जंगलातली. राजा नाही, राजधानी नाही, तनखा नाही. मराठी माणसाला हे दिवस चटकन कळतील. राजारामाच्या काळातल्या आपल्या धावपळीची आठवण होते. पण एक फरक आहे. आपल्याकडं जिंजीला का होईना, छत्रपती होते. शिखांकडं कुणीच नव्हतं. मिसली, म्हणजे लढाऊ टोळ्या, होत्या, त्यांचे सरदार होते. दिवाळीला आणि वैशाखीला सगळे अमृतसरला अकाल तख्तासमोर जमत. त्या सभेला सरबत खालसा म्हणत आणि तिथं होईल त्या ठरावाला गुरमता. सगळ्यांनी मिळून लढायचं असेल तेव्हा त्या सगळ्या फौजेला दल खालसा म्हणत. १७४८ पासून जस्सासिंग अहलुवालिया तिचे म्होरके.

लढाईची पद्धत होती ती चालत्या घोड्यावरून तोडेदार बंदूक झाडायची, पळून गेल्यासारखं करायचं, शत्रू पांगला की उलटायचं. 'ढाई फट', म्हणजे अडीच घाव, असं तिचं नाव. पोटाला बऱ्याचदा भाजलेले चणे. चण्यांना ते 'बदाम' म्हणत आणि एकटा शिपाई आला की 'सव्वा लाख आले' म्हणत. अब्दालीबरोबर आलेला काझी नूर मुहंमद त्यांना पानोपानी कुत्रे म्हणतो. आणि मग तोच कबूल करतो की हे सिंह आहेत, पळणाऱ्याला मारत नाहीत, बाईच्या अंगावरच्या दागिन्याला हात लावत नाहीत. शत्रूनं दिलेला दाखला, त्यामुळं त्याला वजन आहे. पानिपतानंतर वर्षभरानं, ५ फेब्रुवारी १७६२ ला, अब्दालीनं कुपजवळ शिखांना बायकामुलांसकट गाठलं आणि हजारोंनी कापलं. त्याला ते वड्डा घल्लुघारा, म्हणजे मोठा संहार, म्हणतात. त्याच वर्षीच्या दिवाळीला ते पुन्हा अमृतसरला जमले होते आणि अब्दालीशी झुंजले.

आता रणजितसिंह. १७९९ ला लाहोर घेतलं, १८०१ ला महाराजा झाले. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत अमृतसरपर्यंत आले, मदत मागितली, ती मिळाली नाही. आपल्याला ते लागतं. पण रणजितसिंहांनी तेव्हा दोन्ही फौजा नीट न्याहाळल्या असणार. खरा धडा १८०९ चा. मेटकाफ नावाचा इंग्रज वकील अमृतसरला बोलणी करायला आला होता. त्याच्याबरोबरच्या मुसलमान शिपायांनी मोहरमचा ताबूत काढला, अकाली निहंग, म्हणजे शिखांचे कडवे धर्मयोद्धे, चिडून त्यांच्यावर धावून गेले. निहंग संख्येनं कितीतरी जास्त, शूर तर विचारूच नका. पण त्या छोट्याशा तुकडीनं रांग धरली, हुकुमासरशी गोळ्या झाडल्या आणि त्यांना मागं रेटलं. महाराजांनी काय पाहायचं ते पाहिलं.

गंमत अशी की शीख स्वाराला पायदळ म्हणजे कमीपणा वाटायचा. एकाच तालावर पाय आपटणं म्हणजे नाचणाऱ्या बायांचा खेळ, अशी टिंगल चालायची. म्हणून रणजितसिंहांच्या पहिल्या पलटणी पूरबी, म्हणजे अवध-बिहारकडचे शिपाई, गुरखे आणि अफगाण यांच्या होत्या. महाराज स्वतः गणवेश घालून कवायतीला उभे राहू लागले तेव्हा जाटांची पोरं हळूहळू भरती व्हायला लागली. १८२२ मध्ये नेपोलियनच्या फौजेतले दोन अधिकारी, अलार आणि व्हेंचुरा, लाहोरला आले. फौज-ए-खास, म्हणजे त्यांच्या हाताखालची कवायती फौज, उभी राहिली. पंजाबी पोरं फ्रेंच हुकुमांवर पावलं टाकत होती, तोफखान्याचा जनरल इलाही बक्श होता. ज्यांना आपण आज शिखांची फौज म्हणतो ती लाहोरची फौज होती, तिच्यात सगळे होते.

१८३९ मध्ये महाराज गेले आणि लाहोर दरबारात खुनांची माळ लागली. आणि इथं ते जुने पंच परत येतात. प्रत्येक पलटणीनं आपले पंच निवडले. पंच बसून ठरवू लागले, पगार किती, अधिकारी कोण, कूच करायचं की नाही. ही फौज स्वतःला सरबत खालसा म्हणवू लागली, तसे हुकूम काढू लागली. कंपनीचे लोक याला बेशिस्त म्हणत, आपलेही बरेच इतिहासकार तेच म्हणतात. मी तसं म्हणायला तयार नाही, पण हे फार गोंडस होतं असंही समजू नका. २१ सप्टेंबर १८४५ ला वजीर जवाहरसिंगाला पंचांनी छावणीत बोलावलं. तो हत्तीवरून आला, मांडीवर लहानग्या महाराजा दुलीपसिंहाला घेऊन, की पोरामुळं तरी वाचू. शिपायांनी पोराला उतरवून घेतलं आणि जवाहरसिंगाला बहिणीच्या, राणी जिंदांच्या, डोळ्यांदेखत संपवलं. न्याय पंचांचा, पण रक्तबंबाळ.

याच फौजेनं डिसेंबरात सतलज ओलांडली आणि इंग्रजांशी युद्ध पेटलं. मुदकी, फिरोजशहा, अलीवाल, सोबराव. शिपाई असे लढले की फिरोजशहाच्या रात्री इंग्रजांचं धाबं दणाणलं होतं. पण वरचे सेनापती लालसिंग आणि तेजसिंग आतून इंग्रजांना मिळालेले. १० फेब्रुवारी १८४६ ला सोबरावला तेजसिंग होड्यांच्या पुलावरून पळाला, पूल तुटला, मागची फौज नदीत बुडाली. म्हातारे शामसिंग अटारीवाले पांढरे कपडे घालून उभे राहिले आणि तिथंच पडले. दुसऱ्या युद्धानंतर, २९ मार्च १८४९ ला, इंग्रजांनी पंजाब आपल्या राज्याला जोडलं.

इंग्रज शहाणे. १८४६ मध्येच, पहिल्या लढाईचा धूर विरला न विरला तोच, त्यांनी फिरोजपूर आणि लुधियाना अशा दोन शीख पलटणी उभ्या केल्या. शीख रंगरूट आला की त्याला अमृत घ्यायला लावायचं, केस, कडं सक्तीनं ठेवायचं, पलटणीत ग्रंथी, म्हणजे ग्रंथपाठ करणारा, नेमायचा, शपथ गुरू ग्रंथसाहेबांवर द्यायची. गोऱ्या साहेबानं जपलेला खालसा! सगळं जपलं, पंच तेवढे काढून टाकले.

या नव्या शिपायाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सारागढी. वायव्य सरहद्दीवरच्या समाना डोंगररांगेवर लॉकहार्ट आणि गुलिस्तान असे दोन किल्ले. मध्ये उंचवटा, एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून मध्ये एक चौकी, आरशावर ऊन पाडून निरोप पाठवायला. त्या यंत्राला हेलिओग्राफ म्हणतात. १२ सप्टेंबर १८९७ ला सकाळी ओरकझई आणि आफ्रिदी टोळ्यांचे हजारो लोक चालून आले. चौकीत ३६व्या शीख पलटणीचे २१ जण, हवालदार ईशरसिंग प्रमुख. गुरमुखसिंग निरोप्या. तो दिवसभर मिनिटामिनिटाची हकीकत लॉकहार्टच्या कर्नल हॉटनला कळवत राहिला: दरवाज्यावर हल्ला, भिंतीला भगदाड, आत शिरले. शेवटी त्यानं विचारलं, आता यंत्र बंद करून बंदूक घेऊ का? परवानगी आली. त्यानं आरसा उतरवून पिशवीत घातला, मग बंदूक उचलली. बाकीचे सगळे गेल्यावर तो पडला, असं सांगतात. एकविसांनाही इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा देशी शिपायाला मिळत नसे.

माझा कान त्या 'परवानगी'पाशी अडकतो. चमकौरच्या पाचांनी गुरूंना हुकूम केला होता. हा पोरगा मरतानाही साहेबाला विचारतो. दोघेही तितकेच शूर. म्हणूनच म्हणतो, प्रश्न शौर्याचा नाहीच.

तरी ते पंच पुरते मेले नव्हते. इंग्रजांच्या पलटणीतून निवृत्त झालेले शीख कॅनडा-अमेरिकेत लाकडाच्या गिरण्यांत राबत होते, तिथं त्यांना गोऱ्यांकडून शिव्या खाव्या लागत. १९०९ मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यात ठराव झाला की यापुढं कुणी इंग्रजांची मेडलं छातीला लावायची नाहीत. आधी गुरुद्वारा, मग ठराव. गुरमताच म्हणा ना. १९१३ ला, इंग्रजांविरुद्ध बंड करायला, गदर पक्ष निघाला. १९१५ ला हे लोक हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये जाऊन शिपायांना भेटू लागले. त्यांच्यात आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता. मीरतच्या रिसाल्याच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे एकाच दिवशी फाशी गेले. त्याच वर्षी जूनमध्ये १४वी शीख, म्हणजे १८४६ ची ती फिरोजपूर पलटण, पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढताना तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या एका ओढ्यात एका दिवसात जवळजवळ तीन चतुर्थांश कापली गेली. एकाच गावची पोरं दोन्हीकडं असतील.

आता त्या शिक्क्याकडं येतो. भाई जैता यांनी १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचं शीर दिल्लीहून आनंदपूरला आणलं. ते रंगरेटे, आजच्या बोलीत मजहबी, म्हणजे गावकुसाबाहेरचे. १८५७ मध्ये इंग्रजांना माणसं हवी होती तेव्हा माधोपूरच्या कालव्यावर माती वाहणाऱ्या मजहबींना पायोनियर, म्हणजे रस्ते बांधणारे शिपाई, म्हणून घेतलं. कुदळही त्यांची, बंदूकही त्यांची. १८९५ ला ३२व्या पायोनियर पलटणीचे लोक शंदूर खिंडीच्या बर्फातून डोंगरी तोफा खांद्यावर वाहून चित्रालला पोचले. खेचरांनी हात टेकले होते. आणि १९३३ च्या सुमाराला पायोनियर पलटणी मोडल्या, तशी या लोकांना दारं बंद. आपल्याकडं महारांचं नेमकं हेच झालं. कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना १८९० च्या दशकात सांगितलं, तुम्ही लढवय्ये नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. कुणी ऐकलं नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच वर्षी मजहबी आणि रामदासिया शिखांची रेजिमेंट उभी राहिली, तीच आजची शीख लाइट इन्फंट्री. जातीचं रक्त एका वर्षात बदललं, असं मानायचं का?

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिली उतरली ती १ शीख, म्हणजे शीख रेजिमेंटची पहिली पलटण. तिचे कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी पडले. ब्रह्मदेशात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला नंदसिंग डिसेंबरात उरीला पडला, त्याला महावीर चक्र मिळालं. राणीच्या नावाचं आणि राष्ट्राचं, दोन्ही पदकं एकाच छातीवर. आणि १९८४ चा जून. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात फौज घुसल्याचं कळल्यावर शीख रेजिमेंटच्या काही जवानांनी छावण्या सोडल्या, रामगढला ब्रिगेडियर पुरी मारले गेले. हा प्रसंग व्याख्यानांतून वगळतात, मला वगळता येत नाही. 'हुकूम कुणाचा' हा प्रश्न तिथं सगळ्यात वाईट रीतीनं समोर आला. तेव्हा कुणी पाच जण बसून ठरवलं नव्हतं. अफवा होत्या, संताप होता.

भरतीची ती यादी मात्र अजून पुरती गेलेली नाही. आजही शीख रेजिमेंटमध्ये मुख्यतः जाट शीख घेतात आणि शीख लाइट इन्फंट्रीत मजहबी आणि रामदासिया. खालशाच्या पहिल्या पाचांमधल्या पाणक्याला आणि न्हाव्याला आज कुठल्या रेजिमेंटच्या दारात उभं करणार, हे मला कुणा फौजी मित्राकडून ऐकायचं आहे; सभागृहात दोन-तीन जण बसलेत असं कळलंय. रणजितसिंहांचे सेनापती हरिसिंग नलवा आणि त्यांची जमरूदची लढाई राहिली, वेळ झाला. त्याबद्दल प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा, पंधरा मिनिटं आहेत.