स्वस्त ग्राफिक्स कार्डाची परीक्षा कोणत्या मशीनवर घ्यायची?

मित्रांनो, आज मी दोनच कार्डांबद्दल बोलणार आहे. एक एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650, एप्रिल 2019 मध्ये आलेलं. दुसरं एएमडीचं आरएक्स 6400, 2022 मधलं. दोन्हींवर 4 जीबी मेमरी आहे. दोन्ही 1080पी वर गेम खेळणाऱ्यांसाठी आहेत. आरएक्स 6400 ला वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि 1650 ची केबलशिवाय चालणारी मॉडेलंही आहेत. स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटमध्ये त्यांचं भागतं. त्यामुळे ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे आणि पॉवर सप्लाय बदलायची तयारी नाही, ते फिरून फिरून याच दोन नावांपाशी येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या कार्डांची तुलना करताना ते जुनं मशीन डोळ्यांसमोर ठेवा. ते बाजूला ठेवलं तर निकालच बदलतो.

आधी कागदावरचे आकडे बघू. जीटीएक्स 1650 ची चिप 12 नॅनोमीटरची, साधारण 200 चौरस मिलिमीटर, 896 कोअर (हिशेब करणारे छोटे घटक). आरएक्स 6400 ची चिप 6 नॅनोमीटरची, जेमतेम 107 चौरस मिलिमीटर, 768 कोअर, पण क्लॉक (चिपचा वेग) खूप वरचा: बूस्ट, म्हणजे वरचा वेग, 2321 मेगाहर्ट्झ, तर 1650 चा 1665. गणित केलं तर 6400 ची ताकद 3.57 टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) येते, 1650 ची 2.98. म्हणजे जवळपास 20 टक्क्यांचा फरक. हा फरक गेममध्ये दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन वेगळ्या आर्किटेक्चरचे (चिपच्या आतल्या रचनांचे) टेराफ्लॉप्स एकमेकांशेजारी मांडून काही कळत नाही. आणि 6400 तेवढ्यासाठी फक्त 53 वॅट घेतं, ही मात्र खरोखर दाद देण्यासारखी गोष्ट आहे.

मेमरीचा वेग बघा. दोन्हींची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून ये-जा करणारा डेटा, सेकंदाला 128 जीबी. पण तिथवर पोचायचे रस्ते वेगळे. मूळ 1650 मध्ये 128 बिटची रुंद बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) आणि संथ जीडीडीआर5 मेमरी. 6400 मध्ये बस निम्मी, 64 बिट, पण जीडीडीआर6 दुप्पट वेगाची, शिवाय चिपमध्येच 16 एमबीचा इन्फिनिटी कॅश (छोटी, वेगवान मेमरी). इथपर्यंत 6400 चं पारडं थोडं जडच वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. आरएक्स 6400 मदरबोर्डशी फक्त चार पीसीआय एक्स्प्रेस लेनमधून (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटांमधून) बोलतं. स्लॉटमध्ये बसणारी पट्टी अनेक मॉडेलांवर पूर्ण लांबीची दिसते, पण डेटा चारच लेनमधून जातो. जीटीएक्स 1650 सोळा लेन वापरतं. 6400 ची चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली होती, त्यामुळे ही काटकसर झाली. नव्या बोर्डावर, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस 4.0 वर, चार लेन सेकंदाला साधारण 8 जीबी नेतात. जुन्या 3.0 बोर्डावर त्याच चार लेन 4 जीबी नेतात. 1650 ला त्याच जुन्या बोर्डावर जवळपास 16 जीबी मिळतात.

कार्डाच्या 4 जीबीमध्ये सगळं मावत असेल तोवर याचा फारसा त्रास होत नाही. आजच्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती, जमीन अशा पृष्ठभागांवरची चित्रं) ‘हाय’ वर टाकलं की मात्र 4 जीबी संपते. मग उरलेला माल सिस्टिम रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा याच लेनमधून ओढावा लागतो. 60 एफपीएस (सेकंदाला 60 फ्रेम) हवे असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात 3.0 च्या चार लेनमधून फार तर 65 एमबी येऊ शकतात. सोळा लेनमधून सुमारे 260 एमबी. गेमला एका वळणावर अचानक 150 एमबी टेक्स्चर लागलं, तर 1650 निभावून नेतं आणि 6400 दोन-तीन फ्रेम अडकून पडतं.

हे अडकणं सरासरीत नीट दिसत नाही, आणि म्हणूनच मी सरासरी एफपीएसवर निर्णय द्यायच्या विरोधात आहे. फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावून बघा. गेममधला माणूस सरळ चालतोय तोवर रेघ सपाट असते. कॅमेरा वळवून नव्या गल्लीत शिरलं की रेघेला एकदम सुळका येतो, भिंत क्षणभर धूसर दिसते आणि मग स्पष्ट होते. सरासरी तरीही 55-58 दाखवत राहते. हातातल्या माऊसला मात्र तो झटका लगेच जाणवतो. तुलना करताना निदान ‘वन पर्सेंट लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा तरी बघाच.

बहुतेक परीक्षणं सगळ्यात वेगवान प्रोसेसर आणि नव्या बोर्डावर घेतली जातात. त्यामागचं कारण योग्य आहे: प्रोसेसरमुळे कार्ड अडू नये. पण या वर्गात त्यामुळे 4.0 चे आकडे छापले जातात आणि वाचणारा ते कार्ड 3.0 च्या बोर्डावर लावतो. 4.0 वर ही दोन कार्डं साधारण बरोबरीत चालतात. काही गेममध्ये हे पुढे, काहींत ते. 3.0 वर 1650 पुढे जातं. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर 3.0 चेच आहेत. रायझेन 5600जी सारखा त्यामानाने नवा प्रोसेसरही, 4.0 चालवू शकणाऱ्या बी550 बोर्डावर लावला तरी, 3.0 च देतो. म्हणजे ज्यांना हे कार्ड घ्यायचंय त्यांच्यातले कितीतरी जण नेमके चुकीच्या बाजूला आहेत.

बाकीचं थोडक्यात. 6400 मध्ये व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचा व्हिडिओ तयार करणारा भाग) नाही. गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायचा असेल तर सगळा भार प्रोसेसरवर. 1650 मध्ये एन्कोडर आहे. एव्ही1 या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ डिकोड करणं दोघांनाही जमत नाही. 6400 वर दोनच मॉनिटर चालतात. रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर 6400 मध्ये आहे, पण या ताकदीवर त्याचा उपयोग नाही.

माझा सल्ला असा. बोर्ड 3.0 चा असेल तर जीटीएक्स 1650 घ्या, आणि जीडीडीआर6 ची आवृत्ती मिळाली तर तीच, कारण तिची बँडविड्थ 192 जीबी आहे. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही 4.0 चे असतील आणि कॅबिनेट अगदी बारीक असेल तर 6400 घ्या. एका स्लॉटच्या जाडीचं, अर्ध्या उंचीचं मॉडेलही त्यात मिळतं. ज्यांच्याकडे 6400 आधीच आहे त्यांनी टेक्स्चर एक पायरी खाली आणावं. बाकीच्या सेटिंगपेक्षा याच एका बदलाने झटके कमी होतात.

आणि आपली लेन 3.0 ची की 4.0 ची हे तपासायला जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा. मशीन शांत असताना तिथे 1.1 दिसेल, त्याने घाबरू नका. वीज वाचवायला कार्ड लिंकचा वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू करा आणि मग आकडा वाचा.