“आलं का?”

(दृश्य: मंगलोरी कौलं. कलंडलेली अँटेना, तिच्यावर कावळा.)

गोव्यात मार्दोळच्या कुळागरातलं, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतलं हे घर. छपरावरची ही अँटेना आता कावळ्याच्या मालकीची आहे. एके काळी चवथीच्या आधी घराची झाडलोट झाली की हिचीही पाळी यायची. एक जण छपरावर, एक खिडकीत, बाकीचे टीव्हीसमोर.

“आलं का?”
“मुंग्या!”
“आता?”
“आलं, आलं... गेलं. हात काढू नकोस!”

हात काढू नकोस, हे उगाच नव्हतं. माणसाचं अंगही टीव्हीच्या लहरींच्या वाटेत येतं, म्हणून धरलं की चित्र लागायचं आणि सोडलं की जायचं. पण किती वेळ धरून बसणार?

(दृश्य: अँटेनाच्या काठ्या, जवळून.)

हिला म्हणतात यागी. १९२६ मध्ये जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती मांडली. मागची सगळ्यात लांब काठी लहरी पुढे परतवते, पुढच्या आखूड काठ्या त्यांना वाट दाखवतात. वायर जोडलेली असते ती मधल्या, दुमडलेल्या काठीला. तिची लांबी साधारण अर्ध्या लहरीएवढी. हिशोब सोपा आहे: चॅनेल किती मेगाहर्ट्झवर आहे ते बघा, ३०० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे लहर किती मीटरची ते कळतं. २०० मेगाहर्ट्झला अर्धी लहर ७५ सेंटिमीटर, ६२ ला जवळजवळ अडीच मीटर. दुकानातली सगळ्यात मोठी अँटेना आणूनही मुंग्याच दिसायच्या, त्याचं एक कारण हेच. ती भलत्याच चॅनेलची असायची.

गोव्यात ट्रान्समीटरपासूनचं अंतर फारसं नाही, त्रास डोंगरांचा. लहर सरळ येते तशी डोंगरावर आपटूनही येते. ती तीन किलोमीटर जास्त फिरून आली तर दहा मायक्रोसेकंद उशिरा पोचते. पडद्यावरची एक रेघ उमटायला बावन्न मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या शेजारी, पडद्याच्या पाचव्या भागाएवढ्या अंतरावर, त्यांचीच फिकट सावली. बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, लावला की ती सावलीही ठळक व्हायची! तिथे अँटेना थोडी फिरवणंच कामाचं. बूस्टर लावायचाच तर वर, अँटेनापाशी. टीव्हीमागे लावला तर वायरीत शिरलेला गोंगाटही तो वाढवतो.

आणि खारा वारा. अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची तार नुसती पिळून ठेवली की दोन पावसाळ्यांत सांधा पांढरा पडतो. छपरावर चढून निम्म्या वेळा तो सांधाच खरवडायचा असायचा.

(दृश्य: त्याच घराच्या अंगणातली डिश.)

दूरदर्शनचे बहुतेक जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. आता फ्री डिश, दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे इथून आग्नेयेकडे आणि आकाशात सुमारे ६१ अंश वर. एवढ्या उंचीवर डोंगर आड येत नाही.

माड येतो. डिशपासून पाच मीटरवरचा माड तिच्यापेक्षा नऊ मीटरहून उंच झाला, की झावळ नेमकी वाटेत. भिजलेली असली तर आणखीच.

(दृश्य: माडावर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा. झावळ खाली पडते.)

“वहिनी, आलं का?”

(घरातून आवाज)

“आलं!”