खोकला हाय? तरीबी या

नमस्कार श्रोतेहो. मी डायलिसिस टेक्निशियन, म्हणजे किडनी थकलेल्यांचं रक्त आणि अंगातलं जादा पाणी मशीनवर काढून साफ करणारा. माझी नोकरी अशा हॉलमध्ये, जिथं एकेक माणूस चार-चार तास एकाच खाटेवर असतो, आठवड्यातून दोनदा, तीनदा. शेजारचा खोकला, तर उठून जायची सोय नाही; हातात दोन सुया. त्यात किडनीच्या पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच उतरलेली. म्हणून सर्दी-तापाची आम्हाला धास्ती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधी फोन. आणि डायलिसिस चुकवायचं नाही.

हे मी शिकलो ते कागलकडच्या एका आबांकडून. जुने पैलवान, कान अजून मोडलेले. पावसाळ्यात फ्लूची साथ होती, म्हणून मी दारावर झोकात बोर्ड लावला, 'सर्दी, खोकला, ताप असल्यास आत प्रवेश करू नये. प्रथम दूरध्वनी करावा.' अक्षर माझंच, ऐट पण माझीच.

सोमवारी आबांनी तो वाचला. मंगळवारी खोकला लागला. बुधवारी आबा आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, पावसानं वडाप मिळालं नसेल. शुक्रवारी पहाटे शेजाऱ्याच्या दुधाच्या टेम्पोतून आले. पाय सुजलेले, बोट दाबलं की खड्डा. वजन पाच किलोनं वाढलेलं. दोन रात्री भिंतीला टेकून बसून काढलेल्या, आडवं झालं की दम लागायचा. पाणी फुफ्फुसात उतरलं होतं.

मी ओरडलो, "आबा, बुधवारी का आला नाहीसा?"

"तुमीच लिवलंय न्हवं, खोकला असंल तर येऊ नगा म्हणून?"

काय बोलणार? 'प्रथम दूरध्वनी' कुणी वाचलंच नव्हतं. सरकारी मराठीत सूचना लिहायची खोड आपल्याला कुणी लावली कोण जाणे. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडं 'करू नये', 'करू नये'!

आबांना मास्क दिला, बाहेर बाकड्यावर न बसवता थेट आत घेतलं. भिंतीकडची शेवटची खाट, शेजारच्या खाटेपासून सहा फूट लांब. चार तासांनी आबा उताणे झोपून घोरत होते! जाताना म्हणाले, "मास्तर, बोर्ड बदला. लिवा : खोकला हाय? तरीबी या. आदी फोन करा." तस्संच लिहिलं.

फोन आला की आम्हाला कडेची खाट मोकळी ठेवता येते, नाहीतर शेवटच्या शिफ्टला बोलावता येतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, त्या पेशंटसाठी राखलेली खोली मात्र रिकामी दिसली तरी सर्दीच्या पेशंटला मागू नका. मास्क नाकावर, चारही तास. चहा-बिस्किट घरी जाऊन. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. सोबत एकच माणूस. आपल्याकडं पेशंट एक आणि बघायला आख्खी तालीम! आणि आमच्यातल्या कुणाला ताप असेल तर त्यानं घरी राहावं, पगार न कापता. हे मालकांनीही ऐकावं.

पुन्हा सांगतो. आधी फोन, पण डायलिसिस चुकवायचं नाही. तुमच्या सेंटरचा नंबर खडूनं स्वयंपाकघराच्या दारामागं लिहा. मोबाईलमध्ये नको. आबांच्या घरातला एकुलता मोबाईल त्या बुधवारी नातीबरोबर कॉलेजला गेला होता.