तिन्हीसांजेचं रडणं

(तान्ह्या बाळांच्या पालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत बऱ्याच जणींच्या मांडीवर दोन-तीन महिन्यांची बाळं दिसतायत, आणि मागे आज्या बसल्या आहेत. आज्या आल्या याचा मला फार आनंद आहे. रात्री बाळ रडायला लागलं की काय करायचं हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.

ही वेळ तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. दिवसभर बाळ पितं, झोपतं, शी-शू व्यवस्थित करतं. दिवेलागण झाली की चेहरा लालबुंद होतो, मुठी आवळतात, गुडघे पोटाशी येतात, पोट टणक लागतं, आणि पुढचे दोन-तीन तास नुसता आकांत. पाजायला घ्यावं तर दोन घोट पिऊन तोंड फिरवतं. मध्येच वारं सरतं, आणि घरातले म्हणतात, बघा, पोटात गॅसच होता.

याला आम्ही कोलिक म्हणतो. १९५४ साली अमेरिकेत न्यू हेवनच्या डॉ. मॉरिस वेसल यांनी त्याचं एक माप दिलं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, पण एरवी निरोगी आणि वजन वाढणारं बाळ. आता आम्ही तास मोजत बसत नाही. पण 'एरवी निरोगी' हे शब्द धरून ठेवा, त्यांच्याकडे मी परत येणार आहे. १९६२ मध्ये डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० धडधाकट बाळांच्या आयांना रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली. सहा आठवड्यांच्या वयाला ही साधी, निरोगी बाळंसुद्धा दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडत होती, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी. त्यानंतर रडणं उतरत गेलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बाळांचं ते आपोआप थांबतं. अंगावरचं पिणारं असो की वरचं, मुलगी असो की मुलगा, यात फरक पडत नाही.

मग पोटात नेमकं काय होतं? गॅसचं म्हणाल, तर जोरजोरात रडताना बाळ हवा गिळतं, त्यामुळे पुष्कळदा गॅस हा रडण्यानंतर येतो. गुडघे पोटाशी घेणं हेही कुठल्याही कारणाने जोरात रडणारं बाळ करतं. आतड्यांतले जिवाणू अजून रुजत असतात, मेंदूला दिवसभराचा उजेड-आवाज संध्याकाळपर्यंत झेपेनासा होतो, अशी काही कारणं मांडली गेली आहेत. एकच एक कारण आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही. आणि कारण हाती नसलं की माणूस हाताला लागेल ते बाळाच्या तोंडात घालतो. आज मला खरं बोलायचं आहे ते यावर.

आपल्याकडची बाळगुटी घ्या. वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, अतिविष, मुरुडशेंग. मुरुडशेंग हातात घेऊन पाहिलीत का? दोरीला पीळ घालावा तशी असते. पोटात पीळ पडतो, म्हणून पिळाची शेंग. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे वेढे मोजून उगाळायचे आणि बोटाने चाटवायचं. यामागची माया मला ठाऊक आहे. माझ्या आजीने माझ्यासाठी ती उगाळली आहे. पण वेढा हे काही मोजमाप नव्हे. तुमचा वेढा आणि शेजारच्या काकूंचा वेढा सारखा नसतो. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि घरात सगळ्यांना वाटतं, पडला बाई आराम. गुंगलेलं बाळ नीट पीत नाही. सहाण, पाणी, बोट, मुळ्या यांतून जंतू जातात ते वेगळेच. पहिले सहा महिने आईचं दूध आणि लागेल ते डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, एवढंच. पाणी नाही, गुटी नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यातल्या एका जिवाणूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

रडणं गुंगीने थांबवण्याची ओढ जुनी आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची गोळी देत. त्या आयांना मी नावं ठेवणार नाही. दिवसभर गिरणीत उभं राहायचं आणि मागे बाळाला बघायला कुणी नाही, अशी त्यांची गत होती. बाटलीतल्या औषधांचीही हीच कथा. १८५१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. आज त्यात मद्यार्क नसतो, पण कोलिक त्याने बरा होतो असा पुरावाही नाही. सिमेथिकोनचे, म्हणजे गॅसवर म्हणून देतात ते थेंब सहसा अपाय करत नाहीत, पण चाचण्यांत ते औषध नसलेल्या नुसत्या थेंबांहून वरचढ ठरले नाहीत. डायसायक्लोमिन हे पोटातल्या मुरड्यावरचं औषध मात्र सहा महिन्यांखालच्या बाळाला द्यायचंच नाही. त्याने श्वास अडकल्याच्या, झटके आल्याच्या नोंदी आहेत. घरात मोठ्या भावंडाची पोटदुखीची बाटली असेल तर आज घरी जाऊन त्यावरचं नाव वाचा. एका प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी अशा जिवाणूचा, लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरीचा, अंगावर पिणाऱ्या बाळांना काहीसा उपयोग दिसला आहे. वरच्या दुधावरच्या बाळांत तो तितका स्पष्ट नाही. द्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

आता बाळंतिणीचं ताट. वांगं नको, हरभऱ्याची डाळ नको, वाल नको, 'तू काल उसळ खाल्लीस म्हणून त्याचं पोट दुखतंय.' उसळीने तिच्या पोटात होणारा गॅस दुधात उतरत नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या शीमध्ये रक्त किंवा शेंबूड दिसतो, अंगावर चट्टे येतात, वजन मागे पडतं. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचं दूधदुभतं दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात. बाकी सगळ्या जणींना पोटभर जेवू द्या. बाळ रडतं म्हणून तिचं दूध 'जड' आहे, 'पातळ' आहे, असं कृपा करून म्हणू नका. हे ऐकत ऐकत पाजणं सोडून दिलेल्या आया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत.

काही बाळं शी करताना दहा-पंधरा मिनिटं कुंथतात, लाल होतात, रडतात, आणि मग शी होते ती मऊ. हा बद्धकोष्ठ नव्हे. कळ देताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, ते त्याला अजून जमत नाही, एवढंच. काही आठवड्यांत जमतं. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घालणं, साबणाची वात करून घालणं, हे थांबवा. जखम होते, आणि बाळ स्वतः शिकायचं ते लांबतं. अंगावर पिणाऱ्या, दीड महिन्याच्या पुढच्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही, तरी ते हसतंखेळतं असेल, पोट मऊ असेल, तर घाबरू नका.

'एरवी निरोगी' हे शब्द आता पुन्हा घेते. काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एक तीन महिन्यांचं बाळ आणलं. दुपारपासून रडत होतं. हिंगाचा लेप झाला होता, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. मी झबलं काढलं, लंगोट काढला, मोजे काढले. डाव्या पायाचं एक बोट जांभळं पडलं होतं. भिंग धरलं तेव्हा बोटाच्या मुळाशी आईचा एक लांब केस करकचून गुंडाळलेला दिसला. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी केस खूप गळतात, मोज्यात अडकतात. केस कापला आणि पाच मिनिटांत बाळ आईच्या खांद्यावर झोपलं. म्हणून नेहमीपेक्षा वेगळं रडलं की आधी सगळे कपडे काढून बघा: हातापायाची बोटं, जांघेतली फुगी, टाळू. आणि पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही: हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, घट्ट फुगलेलं पोट, तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दूध न पिणं, मलूल पडणं. जे बाळ एकाएकी रडेनासं होऊन सुस्त पडतं, त्याची मला जास्त भीती वाटते.

मग करायचं काय? पाजताना मध्ये आणि पाजून झाल्यावर ढेकर काढा. संध्याकाळी दिवे मंद करा, टीव्ही बंद ठेवा. कडेवर, झोळीत, खांद्यावर भरपूर घ्या. सवय लागेल म्हणून घाबरू नका, या वयात लाड जास्त होत नाहीत. १९८६ साली कॅनडात माँट्रियलमध्ये निरोगी बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ उचलून घेतलं, तेव्हा सहाव्या आठवड्यात त्यांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. कोलिक आधीच जडलेल्या बाळांत मात्र तसा फरक नंतर आढळला नाही, हेही सांगायला हवं. तेल लावून अंग हलक्या हाताने चोळा, पण नाकाकानात तेल नको आणि धुरी नको. आज्यांनो, सहाण राहू द्या, तुमचा हात मला बाळाच्या पाठीवर हवा आहे.

आणि ही गोष्ट मी बाबांकडे बघून सांगते. रात्री एक वाजता, तिसऱ्या तासाला, आपल्याच बाळाचा राग येतो. चांगल्या आईबापांना येतो. तो आला की बाळाला पाठीवर, रिकाम्या सपाट बिछान्यावर ठेवा, दार ओढून दहा मिनिटं बाहेर उभे राहा. रडू द्या, दहा मिनिटांच्या रडण्याने काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. असं सर्वांत जास्त घडतं तेही याच, जास्त रडण्याच्या वयात. घरात दोन माणसं असतील तर पाळ्या लावा: सात ते आठ बाबा, आठ ते नऊ आजी. त्या दोन तासांत आईला झोपू द्या, जेवू द्या. तिला पंधरवडाभर सतत उदास वाटत असेल, बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या.

बाळाला पोटावर, कोपरापुढच्या आडव्या हातावर पेलून धरायची एक पद्धत आहे. ती शब्दांनी कळायची नाही. कुणाचे बाबा बाळासकट पुढे येता का? या. डोकं कोपराच्या बाजूला, तळवा मांडीखाली. असं.