तिरडी वळेल एवढी वाट

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या जागेबद्दल बोलणार आहे, तिचं नाव तिन्हीसांजेला घरात कुणी काढू देत नाही. स्मशानभूमी. कृष्णाकाठच्या एका गावात नवी स्मशानभूमी आणि तिला लागूनच स्मृतिवन उभं राहतंय. इमारतींचे आराखडे काढणं हा माझा व्यवसाय, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माझा पहिला आराखडा गावाने जवळजवळ सगळा खोडला. का खोडला, ते सांगायला आज आले आहे.

त्याआधी घरचीच एक गोष्ट सांगते. माझे सासरे आषाढात गेले. सरण रचलं आणि पाऊस कोसळला. त्या जागेवर छप्पर नव्हतं. चौघांनी गोठ्यावरचे पत्रे काढून आणले आणि चितेवर तिरके धरले. हात पोळले की दुसरे चौघे पुढे व्हायचे. लाकडं ओली, त्यावर डिझेल ओतायचं, पुन्हा विझायचं. आम्ही बायका घरी वाट बघत होतो. रात्री उशिरा दीर आले आणि काही न बोलता त्यांनी तळहात पुढे केले. दोन्ही हातांना फोड आले होते. हे अनेक गावांत पावसाळ्यात घडतं आणि दिवाळीपर्यंत विसरलं जातं.

कायद्याने पाहिलं तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातच दहनभूमी आणि दफनभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे दिलेली आहे. ग्रामसभेत विषय मांडायला कुणाची आडकाठी नाही. अडचण वेगळीच होती. विषय निघाला की माणसं खाली बघायची. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की ‘तुम्ही कराल ते चांगलंच’ म्हणायची. हे सौजन्य आराखडा काढणाऱ्याच्या काहीच कामाचं नसतं.

तोंड उघडलं ते महिला सभेत. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती नुसती सह्यांपुरती होते. इथे मात्र सत्तरी ओलांडलेल्या एक काकी उठल्या. म्हणाल्या, ‘‘पोरी, आधी पाण्याचा नळ कर. बाकीचं मग बघू.’’ त्यांच्या घरून माणसं स्मशानात गेली की परत आल्यावर हातपाय धुवायला दारात पाणी ठेवायचं काम बायकांचंच. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना शंभर माणसांच्या पायांना पाणी आणायचं कुठून? माझ्या आराखड्यात कारंजं होतं, नळ नव्हता. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. बसायला सावली हवी, आणि बसायची जागा चितेकडे तोंड करून नको. शेणी कोरड्या राहतील अशी खोली हवी. एका दहनाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. ते विकत आणायचं म्हणजे मोलमजुरी करणाऱ्या घराचं कंबरडं मोडतं. आमच्या शेजारी कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत शेणींवर दहन होतं, महापालिका त्याचे पैसे घेत नाही, आणि लोक आपणहून शेणी दान देतात. ‘‘आम्हीबी थापू की,’’ बायका म्हणाल्या. शेणीघर तिथेच कागदावर आलं.

वाटेचा प्रश्न पुरुषांनी काढला. जुनी वाट एकाच्या उसातून जायची, खांदेकरी सरीत अडखळायचे. नव्या वाटेची रुंदी मी पुस्तकातून घेतली होती. एक तरुण म्हणाला, ‘‘ताई, चालून बघूया का?’’ जिवंतपणी तिरडीचा खेळ कुणालाच नको होता. म्हणून चौघांनी नुसती बांबूची शिडी खांद्यावर घेतली, मडकं धरणाऱ्याच्या जागी एक जण पुढे झाला आणि मी चुन्याने आखलेल्या फाटकातून ते वळायला लागले. शिडीचं मागचं टोक खांबाच्या जागेवर जाऊन आदळलं. पुन्हा वळले, पुन्हा आदळलं. खांदेपालट करायला बाजूला माणूस उभा राहिला तर जागाच उरेना. त्या संध्याकाळी फाटक सहा फुटांनी सरकलं, पायऱ्या गेल्या, उतार आला, आणि निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड ठेवायचं ठरलं.

पायऱ्यांवरून एक आठवण सांगते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेला पाईनच्या जंगलात एक मोठी दफनभूमी आहे. 1915 साली तिच्यासाठी स्पर्धा झाली, आणि आस्प्लुंड व लेवेरेन्ट्स या दोन तरुण वास्तुविशारदांनी ती घडवली. तिथे एका टेकडीवर शांत बसायची जागा आहे. तिथे जाणाऱ्या पायऱ्या वर जाताना बुटक्या होत जातात. दुःखात चढणाऱ्याला धाप लागू नये म्हणून. 1994 पासून ती जागा जागतिक वारसा आहे. शिडी खांद्यावर घेतलेल्या पोरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. ओझं वाहणाऱ्याला हे कळतंच.

जागा नदीपासून लांब, गायरानात घेतली. 2019 च्या पुरात जुना कट्टा कितीतरी दिवस पाण्याखाली होता. नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही लाल रेषेच्या वर गेलो. शेडची पश्चिमेची भिंत बंद ठेवली, कारण इथला पाऊस तिकडूनच झोडपतो.

नदी लांब गेल्यावर रक्षेचं काय, हा प्रश्न आलाच. आमच्या भागात आता बरेच जण तिसऱ्या दिवशी राख सावडून ती पाण्यात न सोडता शेतात खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. स्मृतिवन त्यातूनच सुचलं. करंज, जांभूळ, कडुलिंब, बहावा, ताम्हण. झाडाला नावाची पाटी हवी, असा काहींचा आग्रह होता. मी विरोध केला. ज्याच्याकडे पैसे त्याची पाटी संगमरवरी, हे तर होतंच. पण त्याहून मोठं कारण एका बाईने सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या नावाचं झाड दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळलं होतं. ‘‘दुसऱ्यांदा सुतक आल्यागत झालं,’’ ती म्हणाली. आता झाडं सगळ्या गावाची आहेत, नावं एका वहीत.

गायरानात एक जुना पिंपळ आहे. फरशीच्या हट्टापायी मी तो काढायला निघाले होते. दहाव्याचे विधी सांगणारे तात्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ताई, कावळा बसायचा कुठं?’’ पिंडाला कावळा शिवला नाही तर माणसं उन्हात तासन्‌तास उभी राहतात. भाऊ पुढे होऊन म्हणतो, ‘पोरीचं लग्न मी लावतो, काळजी करू नको’. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागतो. पिंपळ राहिला, पिंडाचा कट्टा त्याच्याखाली गेला.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते. या गावात दोन स्मशानं होती. एकाला रस्ता होता. दुसरं ओढ्याकाठी, काट्यात. नव्या जागेतही दोन शेड, मध्ये भिंत, अशी मागणी झाली. तीन बैठका मोडल्या. ओढ्याकडच्या वस्तीतले एक आजोबा म्हणाले, ‘‘वेगळी शेड चांगली बांधून दिलीत तरी ती वेगळीच.’’ मी भिंत काढणार नाही, असं त्याच बैठकीत सांगून टाकलं. काम गेलं तरी चाललं असतं. शेवटी शेड एकच झाली, कट्टे दोन, जो आधी येईल त्याचा. लिंगायत आणि नाथपंथी घरांसाठी, लहान मुलांसाठी दफनाची जागा त्याच कुंपणात आहे. काही घरं अजूनही नाराज आहेत, ती समोरून येताना माझ्याशी बोलत नाहीत.

शेडचं काम अजून चालू आहे. नळ मात्र आधी बसला. त्या दिवशी काकी काठी टेकत आल्या, नळ सोडला, दोन्ही पायांवर पाणी घेतलं, नळ घट्ट बंद झालाय ना ते दोनदा पाहिलं आणि घरी गेल्या.

नमस्कार.