जॉर्ज विथ : न्यायाधीशाचा खून आणि न घेतलेली साक्ष

(दृश्य : व्हर्जिनियातलं हॅम्प्टन. खाडीकाठची सपाट जमीन, मागे संशोधन केंद्राच्या इमारती.)

निवेदन :

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टनला नासाचं लँगली संशोधन केंद्र आहे. विमानांच्या चाचण्यांसाठी नावाजलेलं. याच आवारात पूर्वी चेस्टरव्हिल नावाचा मळा होता. त्या मळ्यावर 1726 मध्ये जॉर्ज विथ जन्मला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनला कायदा शिकवणारा आणि पुढे व्हर्जिनियाच्या न्यायासनावर बसणारा.

जॉर्ज अगदी लहान असतानाच वडील गेले. जमीनजुमला थोरल्या भावाकडे, थॉमसकडे गेला. त्या काळची रीतच ती. धाकट्याच्या वाट्याला आली आईची शिकवणी. आई मार्गारेट चांगली शिकलेली होती. लॅटिनचे पहिले धडे तिनेच दिले. तिचे आजोबा जॉर्ज कीथ यांनी 1693 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पत्रक काढलं होतं, तेही पेनसिल्व्हेनियातल्या आपल्याच क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, मंडळींना उद्देशून. पण पणतू वाढला तो तंबाखूच्या मुलखात, जिथे शेतीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं गुलामांच्या हातांवर चालायचं.

एका नातेवाइकाच्या हाताखाली उमेदवारी करून जॉर्जने 1746 मध्ये वकिलीची सनद मिळवली. पुढच्याच वर्षी लग्न झालं. बायको ॲन लुइस, वकिलाचीच मुलगी. आठ महिन्यांत ती वारली. सात-आठ वर्षांनी थोरला भाऊही गेला आणि चेस्टरव्हिल अखेर जॉर्जच्या नावावर झालं. त्याच सुमाराला दुसरं लग्न झालं, एलिझाबेथ टॉलिव्हरशी. सासरे रिचर्ड टॉलिव्हर बांधकामातले जाणकार. विल्यम्सबर्गचं विटांचं दुमजली घर त्यांचंच.

(दृश्य : विल्यम्सबर्ग. विथ यांचं घर, समोर पॅलेस ग्रीनची हिरवळ.)

हे घर आजही उभं आहे. स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या लढाईआधी, 1781 मध्ये, वॉशिंग्टनने इथेच मुक्काम ठोकला होता. या घरात एक मूल जन्मलं आणि तान्हेपणीच गेलं. विथ दांपत्याला दुसरं मूल झालं नाही.

घर मात्र पोरांनी भरलेलं असायचं. 1762 मध्ये थॉमस जेफरसन शिकायला आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तेव्हाची वकिली म्हणजे बहुतेक ठिकाणी कारकुनी : वकिलाचे कागद नकला करून काढायचे आणि त्यातून जे कळेल ते कळेल. विथ यांनी या पोराला पाच वर्षं नुसतं वाचायला लावलं. कायदा, इतिहास, ग्रीक, लॅटिन. पुढे 1779 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात कायद्याचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि विथ त्याचे पहिले प्राध्यापक झाले. अमेरिकेतले कायद्याचे पहिलेच प्राध्यापक. राजधानी रिचमंडला हलल्यावर विल्यम्सबर्गचं विधिमंडळाचं सभागृह रिकामं पडलं होतं. विथ यांनी मुलांना तिथे नेऊन लुटुपुटूची कोर्टं भरवली, लुटुपुटूचं विधिमंडळही चालवलं. 1780 मध्ये तिथे ऐकायला बसलेल्यांत एक होता जॉन मार्शल, पुढचा सरन्यायाधीश.

जाहीरनाम्यावरच्या सह्या पाहिल्या तर व्हर्जिनियाच्या नावांत सगळ्यात वर विथ यांची सही दिसते. गंमत म्हणजे ती इतरांच्या नंतर झालेली आहे. ते तेव्हा फिलाडेल्फियात नव्हते, आणि सोबतच्यांनी त्यांच्यासाठी वरची जागा मोकळी ठेवली. आपल्याकडे पंगतीत मोठ्यांचा पाट राखून ठेवतात, तसं.

आता ज्या कामामुळे ही गोष्ट सांगावीशी वाटते, ते काम. राजाचं राज्य गेलं, पण राजाचे कायदे होते तिथेच होते. ते तपासून नव्याने मांडायला व्हर्जिनियाने 1776 मध्ये समिती नेमली. प्रत्यक्षात काम तिघांनी केलं : जेफरसन, एडमंड पेंडलटन आणि विथ. जून 1779 मध्ये 126 विधेयकांचा मसुदा सादर झाला. धर्मस्वातंत्र्याचं प्रसिद्ध विधेयक त्यातलंच. थोरल्याला सगळी जमीन देणारी वहिवाट मोडणारंही त्यातलंच, म्हणजे विथ यांच्या स्वतःच्या घरातला जुना अन्याय दूर करणारं.

आणि 51 क्रमांकाचं विधेयक गुलामांविषयीचं. त्यात एक तरतूद होती. निग्रो किंवा मुलाटो, म्हणजे मिश्र वंशाच्या, माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालणार नाही. ही तरतूद काही समितीच्या डोक्यातून निघालेली नव्हती, इंग्रजी अमलापासून ती चालत आली होती. समितीने ती उचलली आणि 1785 मध्ये विधिमंडळाने मंजूर केली.

(दृश्य : रिचमंड. शॉको हिलचा चढ, जुन्या नकाशावर.)

1787 मध्ये देशाची राज्यघटना लिहायला मंडळी फिलाडेल्फियात जमली तेव्हा सभेचे नियम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष विथ होते. पण एलिझाबेथ आजारी असल्याचं कळलं आणि जूनमध्येच ते घरी परतले. ऑगस्टमध्ये ती गेली. त्यानंतर विथ यांनी गुलामांची व्यवस्था लावली. काहींना मुक्त केलं, काही टॉलिव्हरांच्या घरात गेले. यातला दुसरा भाग त्यांच्या चरित्रांत बरेचदा गाळला जातो. मुक्त झालेल्यांत स्वयंपाक करणारी लिडिया ब्रॉडनॅक्स होती. 1791 मध्ये विथ रिचमंडला राहायला आले तेव्हा लिडियाही आली, आता पगारावर.

न्यायासनावर ते 1778 पासूनच होते. चान्सरी कोर्टात, म्हणजे कायद्याच्या शब्दापेक्षा न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या दिवाणी कोर्टात, आणि 1788 नंतर तिथे एकटेच. हट्टी न्यायाधीश. व्हर्जिनियाच्या जमीनदारांनी इंग्रज सावकारांचं कर्ज स्वातंत्र्याच्या नावाखाली बुडवायचं ठरवलं, तर यांनी 1793 मध्ये निकाल दिला : कर्ज फेडा. वरच्या कोर्टात पेंडलटन बसायचे आणि यांचे निकाल फिरवायचे. विथ यांनी काय करावं? 1795 मध्ये स्वतःच्या निकालांचं पुस्तक छापलं आणि वरच्या कोर्टाचं कुठे चुकलं तेही त्यातच लिहून टाकलं. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने असं केल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

संधिवाताने उजवा हात निकामी झाला, तर डाव्या हाताने लिहायला शिकले. निकाल उतरवून घ्यायला एक पोरगा ठेवला होता, हेन्री क्ले. निकालात मध्येच ग्रीक वचनं यायची. क्लेला ग्रीकचं अक्षर येत नव्हतं. तो बिचारा चित्र काढावं तशी एकेक अक्षरं गिरवायचा. हाच क्ले पुढे देशाच्या संसदेत सभापती झाला.

उतारवयात विथ यांच्या घरात आणखी दोघे होते. मायकल ब्राउन, मिश्र वंशाचा मुक्त मुलगा. विथ त्याला लॅटिन आणि ग्रीक शिकवत होते. तो त्यांचाच मुलगा असल्याची कुजबुज पुढे झाली, आधार काही सापडलेला नाही. आणि दुसरा, बहिणीचा नातू, आजोबांचं पूर्ण नाव लावणारा : जॉर्ज विथ स्वीनी. मृत्युपत्रात मोठा वाटा त्याचा होता. बँकेच्या समभागांचा काही भाग मायकलला आणि लिडियाच्या पोटापाण्याचीही सोय. स्वीनीला जुगाराचा नाद होता, आणि आजोबांच्या खोट्या सह्या करून तो बँकेतून पैसे काढत होता.

25 मे 1806, रविवार. सकाळची न्याहारी. लिडियाने सांगितलेली हकीकत पुढे नोंदली गेली ती अशी : स्वीनी स्वयंपाकघरात आला, कॉफीच्या भांड्याशी गेला, स्वतःपुरती कॉफी ओतून घेतली, आणि पांढऱ्या कागदाचा एक कपटा चुलीत टाकून निघून गेला. नंतर विथ यांनी कॉफी घेतली, लिडियाने घेतली, मायकलनेही घेतली. तिघेही पोट धरून आडवे झाले.

दोन दिवसांनी स्वीनी शंभर डॉलरचा चेक घेऊन बँकेत गेला. बँकेला सहीचा संशय आला आणि तो पकडला गेला. 1 जूनला मायकल वारला. त्याच दिवशी विथ यांनी वकील एडमंड रँडॉल्फला बोलावून मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि स्वीनीचं नाव काढून टाकलं. 8 जूनला विथ गेले. ऐंशीच्या घरातले होते. लिडिया वाचली.

(दृश्य : सेंट जॉन्स चर्च, रिचमंड. विथ यांची स्मृतिशिला.)

सगळ्या शहराला ठाऊक होतं, कॉफीत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, कोणी घातला. डॉक्टरांनी शव उघडून पाहिलं. पोटात दाह होता, पण पित्तानेही तसा होऊ शकतो, असं म्हणाले. सोमलाची नेमकी चाचणी झालीच नाही. राहिली चुलीपाशी उभी असलेली बाई. ती काळी होती, आरोपी गोरा. साक्ष घेताच येईना.

बचावाला वकील कोण? एक विल्यम वर्ट, ज्याने खटला घ्यावा की नाही हे पत्नीला पत्र लिहून विचारलं होतं. आणि दुसरा तोच एडमंड रँडॉल्फ, ज्याने स्वीनीला वगळणारी पुरवणी लिहिली होती. सप्टेंबरमध्ये ज्यूरीने स्वीनीला खुनाच्या आरोपातून मोकळं केलं. खोट्या सह्यांबद्दल तो दोषी ठरला, पण तोही निकाल टिकला नाही : कायदा खासगी माणसाच्या फसवणुकीचा होता, बँकेला तो लागू पडेना. स्वीनी सुटला आणि पश्चिमेकडे निघून गेला.

विथ यांचा एक शेवटचा निकाल तेव्हा अपिलात होता. गुलाम म्हणून ठेवलेली जॅकी राइट आणि तिची मुलं यांना त्यांनी मुक्त ठरवलं होतं. विथ यांचं म्हणणं असं की माणूस जन्मतः स्वतंत्र, हे व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातच आहे, तेव्हा गुलाम असल्याचा पुरावा मालकाने द्यावा. नोव्हेंबर 1806 मध्ये वरच्या कोर्टाने राइट कुटुंबाची सुटका कायम केली, कारण त्यांचा वंश अमेरिकन इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, बाईपासूनचा होता. पण विथ यांचं तत्त्व नाकारलं. काळ्या माणसाला ते लागू नाही, असं लिहिणारे न्यायाधीश होते सेंट जॉर्ज टकर, विथ यांचे विद्यार्थी आणि कॉलेजातल्या खुर्चीचे वारसदार.

1807 च्या एप्रिलमध्ये लिडियाने राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिलं. विष पोटात गेल्यापासून नजर जवळजवळ गेली आहे, उदरनिर्वाह कठीण झाला आहे. जेफरसनने पन्नास डॉलर पाठवायची व्यवस्था केली. साक्षीविषयीची ती तरतूद व्हर्जिनियात यादवी युद्ध संपेपर्यंत कायम होती.