राजाचा पाय आणि रोलोचा शिपाई

श्रोतेहो, नमस्कार.

वायकिंग, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडून जहाजांतून येणारे मध्ययुगीन लुटारू, म्हटले की हल्ली अनेकांच्या डोळ्यांसमोर २०१३ साली सुरू झालेली 'वायकिंग्ज' ही मालिका येते. तिचा नायक रॅग्नार लोथब्रोक, आणि रोलो हा त्याचा धिप्पाड, मनात सल बाळगणारा भाऊ. भावाच्या सावलीत कुढणारा हा रोलो शेवटी आजच्या फ्रान्सवर तेव्हा राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांना जाऊन मिळतो आणि त्यांच्या राजकन्येशी लग्न करतो. मालिका रंगते ती या भाऊबंदकीमुळेच, आणि भाऊबंदकी काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इतिहासातला रोलो मात्र रॅग्नारचा भाऊ नव्हता. पुन्हा सांगतो, भाऊ नव्हता. रॅग्नार हा बहुतांशी दंतकथेतला वीर आहे; ८४५ साली पॅरिसवर चालून जाऊन ७,००० पौंड चांदीची खंडणी वसूल करणाऱ्या रेगिनहेरी नावाच्या म्होरक्याशी काही अभ्यासक त्याचे नाते जोडतात, इतकेच. रोलोला फ्रँक राजाकडून जमीन मिळाली ती ९११ साली, म्हणजे त्यानंतर ६६ वर्षांनी. तेव्हाच्या फ्रँक राजांमध्ये एक टकला चार्ल्स होता, एक लठ्ठ चार्ल्स होता आणि एक भोळा चार्ल्स होता. ८४५ ची स्वारी, ८८५ चा पॅरिसचा वेढा आणि ९११ चा तह अनुक्रमे या तिघांच्या काळात घडला. मालिकेने तिघांचा मिळून एकच सम्राट केला. नाटकाची सोय म्हणून हे मी चालवून घेतो. मला चालत नाही तो शिंगांचा शिरटोप, जो आजही वेशभूषेच्या दुकानांत वायकिंगांचा म्हणून मिळतो. नॉर्वेत १९४३ साली सापडलेल्या खऱ्या वायकिंग शिरस्त्राणाला शिंगे नाहीत; ती शिंगे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतनाटकाच्या वेशभूषाकाराने लोकप्रिय केली. असो. आपण ९११ सालाकडे वळू, कारण जो प्रसंग सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर आलो आहे तो तिथेच घडतो.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात शार्त्र या नगरासमोर रोलोच्या वायकिंगांचा पराभव झाला. तिथल्या बिशपने मेरीमातेचे म्हणून जतन केलेले वस्त्र तटावर आणून फडकवले आणि वायकिंगांचा धीर खचला, असे कथा सांगते. मात्र एका पराभवाने हे लोक कायमचे जाणारे नव्हते, हे भोळा म्हटल्या जाणाऱ्या चार्ल्स राजाला पुरते ठाऊक होते. (त्याच्या लॅटिन बिरुदाचा अर्थ खरे तर सरळ, निष्कपट असा होतो, त्याला भोळा ठरवले ते पुढच्यांनी.) सेन नदीच्या मुखातून दरवर्षी लुटारूंची जहाजे आत शिरतात, तर मग त्यातल्याच एकाला नदीच्या मुखाशी वसवावे आणि बाकीच्यांना त्यानेच अडवावे, असा राजाने हिशेब केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार होता, पण विचार करून केलेला.

एप्त नावाच्या लहानशा नदीकाठी, सँ-क्लेअर या गावी, भेट ठरली. रोलोला एप्तपासून समुद्रापर्यंतचा मुलूख देऊ केला गेला. रोलो म्हणाला, हा मुलूख तर उजाड आहे, इथे माझ्या माणसांनी खायचे काय? खरे म्हणजे तो उजाड केला होता याच मंडळींनी. मग राजाने फ्लँडर्स हा दुसरा प्रांत पुढे केला. तिथे नुसती दलदल आहे, म्हणून रोलोने तो नाकारला. अखेर पोटापाण्याची सोय म्हणून शेजारचा ब्रिटनी प्रांत त्यात जोडून मिळाला. घासाघीस करण्यात हा गृहस्थ कोणालाही हार गेला नसता. त्यानंतर रोलोने, त्याच्या बापाने किंवा आजाने कधी केले नव्हते ते केले: आपले दोन्ही हात राजाच्या हातांत दिले. हा मांडलिक होण्याचा विधी होता.

इथवर सारे सुरळीत झाले. पण जमलेले बिशप म्हणाले, एवढे मोठे दान घेणाऱ्याने राजाच्या पायाचे चुंबन घेतले पाहिजे. हात दिले होते, आता पाय. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, पण रोलोला तो वाटला. मी कोणापुढे गुडघे टेकणार नाही आणि कोणाच्या पायाला ओठ लावणार नाही, असे त्याने सांगून टाकले. बिशपांनी गळ घातली, फ्रँक सरदारांनी विनवण्या केल्या. शेवटी रोलोने आपल्या एका शिपायाकडे पाहिले आणि ते काम त्याला सांगितले. शिपाई पुढे झाला. तो वाकला नाही. त्याने राजाचा पाय धरला, उभ्या उभ्याच तो आपल्या तोंडापर्यंत वर उचलला आणि त्याला ओठ लावले. पाय वर गेला, आणि राजा पाठीवर उताणा पडला. जमलेल्या लोकांत प्रचंड हशा पिकला, मोठा गोंधळ उडाला, आणि तह मात्र टिकला.

आता हे सांगितले कोणी, ते ऐका. दूदो नावाच्या एका धर्मोपदेशकाने हे लिहिले, प्रसंगानंतर सुमारे शंभर वर्षांनी. त्याला लिहायला बसवणारा रिचर्ड हा नॉर्मंडीचा, म्हणजे रोलोला मिळालेल्या त्याच मुलखाचा, सत्ताधीश रोलोचा नातू होता. म्हणजे दूदो हा त्या घराण्याचा बखरकार. घराण्याची अडचण अशी होती की जमीन फ्रँक राजाकडून मिळालेली, आणि तरीही मूळ पुरुष कोणापुढे वाकला नव्हता असे दाखवायचे होते. दूदोच्या गोष्टीत दोन्ही साधते: चुंबनही होते आणि राजाही उताणा पडतो. तहाचा लेखी दस्त शिल्लक नाही. ९१८ सालच्या, एका मठाच्या जमिनीविषयीच्या सनदेत, राज्याच्या रक्षणासाठी रोलोला आणि त्याच्या साथीदारांना जमीन दिल्याचा ओझरता उल्लेख आहे. त्यात पायाचा प्रसंग नाही. रोलोला दिलेली राजकन्या, चार्ल्सची मुलगी गिसला, हीदेखील दूदोच्याच लेखणीतून आलेली आहे. चार्ल्सचे लग्न झाले ९०७ साली, तेव्हा तहाच्या वेळी ही वधू फार तर चार वर्षांची असणार. मालिकेने तिला तरुण आणि तिखट जिभेची केले, आणि तेवढ्यापुरती मालिका दूदोपेक्षा सरस आहे.

रोलो मूळचा नॉर्वेचा की डेन्मार्कचा, यावरून दोन्ही देश आजही भांडतात. दूदो डेन्मार्ककडे बोट दाखवतो, तर आइसलँडच्या कथा त्याला नॉर्वेचा पायी चालणारा हरोल्फ म्हणतात. तो इतका अवाढव्य होता म्हणे की कोणताही घोडा त्याला पेलत नसे. त्याच्या खापरपणतवाच्या मुलाने, विल्यमने, १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्यामुळे हा वाद नुसता गावगप्पांचा नाही. तो मिटवण्यासाठी २०१६ साली फ्रान्समधल्या फेकाँच्या मठात, रोलोचा नातू रिचर्ड आणि त्याचा मुलगा यांच्या म्हणून जपलेल्या अस्थींच्या पेट्या उघडण्यात आल्या. तपासणीत त्या अस्थी या दोघांच्या जन्मापूर्वीच्या काळातल्या, भलत्याच कोणाच्या निघाल्या.

नमस्कार.